हिजाब, पटका घालून मुलांना मॅच खेळू द्यावी का? एका जुन्या रेफ्रीचं उत्तर

प्रश्न असा आलाय की मुलींच्या चौदा वर्षांखालच्या फुटबॉल टीममध्ये एक मुलगी हिजाब घालून खेळते, प्रॅक्टिसला वर्षभर कुणी काही बोललं नाही, पण आता स्पर्धा तोंडावर आलीये आणि दोन-तीन पालकांनी कोचकडे तक्रार केलीये की हे सेफ नाही, नियमात बसत नाही, आणि नियम सगळ्यांना एकच पाहिजे. कोच बिचारा मधल्या मध्ये अडकलाय आणि विचारतोय की खेळवू का नको.

उत्तर आधीच देऊन टाकतो. खेळवा. पण नुसतं खेळवा म्हणून भागत नाही, कारण ते कापड डोक्यावर बसलंय कसं हा खरा प्रश्न आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलतच नाही, सगळे धर्मावरच भांडत बसतात.

मी पंचवीसेक वर्षं मुलांच्या मॅचेसना शिट्टी वाजवतोय, आधी फुटबॉल, नंतर बास्केटबॉलपण, मधली काही वर्षं कोचिंग केलं. आणि सुरुवातीलाच कबूल करतो की मी स्वतः एका पोराला बाहेर बसवलंय. रेफ्री म्हणून दुसरं का तिसरं वर्ष असेल, बारा वर्षांखालची मॅच होती, एक पोरगा काळा पटका, म्हणजे शीख मुलं केसांवर बांधतात ते कापड, बांधून आला, आणि मला सीनियर लोकांनी सांगून ठेवलेलं की डोक्यावर काही चालत नाही, तर मी म्हटलं काढ नाहीतर बाहेर बस. तो वाद घालेल असं वाटलं होतं. काही नाही. गेला, बाकावर बसला आणि नडगीवरचे शिन गार्ड सोडायला लागला. त्याचा कोचपण काही बोलला नाही. रात्री घरी येऊन नियमाचं पुस्तक काढलं तर त्यात पटका, पगडी, टोपी असलं काही नव्हतंच, एवढंच होतं की खेळाडूने स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका होईल असं काही घालू नये. आता त्या मऊ कापडात धोका नेमका कुठे होता हे मला स्वतःलाच सांगता येईना. म्हणजे मी नियम लावलाच नव्हता, ऐकीव गोष्ट लावली होती. ते शिन गार्ड सोडणं अजून डोक्यातून जात नाही.

तर धोका. तो असतो, नाही असं नाही, पण तो कापडात नसतो, कापड अडकवायच्या पद्धतीत असतो. सगळ्यात वाईट म्हणजे पिन. टाचणी, सेफ्टी पिन, काळी केसांची पिन, सगळ्या आल्या. हेडरला, म्हणजे डोक्याने बॉल मारायला, दोघी एकदम उडाल्या आणि डोक्याला डोकं लागलं, किंवा कुणाचं कोपर लागलं, की पिन जिची तिच्या टाळूत तरी जाते नाहीतर समोरचीच्या भुवईवर ओरखडा काढते. दुसरं म्हणजे गळ्याभोवतीची गाठ. साधी ओढणी गुंडाळून मानेपाशी गाठ मारली असेल आणि पळताना मागून कुणाचा हात त्यात अडकला तर गाठ सैल होत नाही, उलट आवळते, आणि गळ्यावर येते. तिसरं लोंबणारं टोक. चौथं, आणि हे कुणाच्या लक्षात येत नाही, कापड जर्सीला अडकवलेलं असणं. मुली ते सरकू नये म्हणून जर्सीच्या आत खोचून वर पिन मारतात, आणि मुलांच्या फुटबॉलमध्ये जर्सी ओढणं तर चालूच असतं, मग जर्सी ओढली की मान झटक्याने मागे जाते.

आता गंमत बघा, फुटबॉलच्या आजच्या नियमात हे जवळपास शब्दाला शब्द आहे. नियम चौथा, खेळाडूचं साहित्य. डोक्यावरचं आवरण काळं किंवा जर्सीच्या मुख्य रंगाचं हवं, एका टीममध्ये दोघी-तिघी घालत असतील तर सगळ्यांचं एकाच रंगाचं, जर्सीला जोडलेलं नको, घालणाऱ्याला किंवा दुसऱ्याला धोका नको, म्हणजे उदाहरणार्थ मानेपाशी उघडझाप करायचं काही नको, आणि पृष्ठभागातून बाहेर आलेला कुठलाही भाग नको. झालं. यात धर्माचा एक शब्द नाही. त्यामुळे पालक जे म्हणतायत ना की नियमात बसत नाही, ते उलटं आहे, नियमातच आहे आणि कसं असावं तेपण लिहिलंय.

हे काही एका दिवसात झालं नाही. २००७ ला कॅनडात क्यूबेकमध्ये अकरा वर्षांच्या एका मुलीला हिजाब काढायला तयार नाही म्हणून स्पर्धेच्या मॅचमधून बाहेर काढलं, प्रकरण थेट फुटबॉलचे नियम करणाऱ्या इफॅब मंडळापर्यंत गेलं आणि त्यांनी रेफ्रीचीच बाजू घेतली. २०१० ला सिंगापूरच्या युथ ऑलिंपिकमध्ये इराणच्या मुलींच्या टीमला आधी नकोच म्हणाले, मग तडजोड झाली आणि त्या टोप्या घालून खेळल्या. पुढच्याच वर्षी अम्मानला जॉर्डनविरुद्ध ऑलिंपिक पात्रतेची मॅच होती, तिथे इराणच्या महिला टीमला हेडस्कार्फमुळे खेळूच दिलं नाही, जॉर्डनला ३-० ने विजय देऊन टाकला. मग जॉर्डनचे प्रिन्स अली बिन अल हुसेन मागे लागले, २०१२ ला इफॅबने चाचणी म्हणून परवानगी दिली आणि मार्च २०१४ ला ती कायमची झाली, मुलींच्या हिजाबला आणि मुलांच्या पगडीलापण. २०१६ ला सतरा वर्षांखालच्या मुलींचा वर्ल्ड कप जॉर्डनमध्येच झाला आणि त्यात जॉर्डनच्या मुली हिजाब घालून खेळल्या. २०२३ ला मोरोक्कोची नुहैला बेन्झिना सीनियर महिला वर्ल्ड कपमध्ये हिजाब घालून खेळणारी पहिली ठरली, ॲडलेडला दक्षिण कोरियाविरुद्ध, आणि ती मॅच मोरोक्कोने १-० ने जिंकली. म्हणजे २००७ ला अकरा वर्षांच्या पोरीला जे धोकादायक होतं ते वर्ल्ड कपला चालतंय.

मधल्या काळात २०१३ ला त्याच क्यूबेकच्या संघटनेने पगडी आणि पटक्यावर बंदी घातली होती, कारण तेच, सुरक्षितता. इजा झाल्याचा पुरावा मागितला तर दाखवायला एक केस नव्हती. कॅनडाच्या राष्ट्रीय संघटनेने त्यांना सस्पेंड केलं, फिफाने पगडीला हिरवा कंदील दाखवला आणि जूनच्या मध्यावर बंदी मागे घेतली. सुरक्षितता हा शब्द फार सोयीचा आहे हो, तो म्हटला की पुढे कुणी विचारत नाही. म्हणून मी रेफ्रीच्या ट्रेनिंगमध्ये पोरांना सांगतो की सेफ नाही म्हणायचं असेल तर बोट ठेवून दाखवा, ही पिन, ही गाठ, हे टोक. बोट ठेवता येत नसेल तर ती तुमची नावड आहे, तो धोका नाही.

मला या सगळ्यात सगळ्यात आवडतं ते प्रकरण मात्र फुटबॉलचं नाही आणि हिजाबचंपण नाही. अमेरिकेत इलिनॉयमध्ये ज्यू शाळांची मुलं बास्केटबॉल खेळायची, डोक्यावर यार्मुल्के, ती छोटी गोल टोपी असते ना ती, केसांच्या पिनांनी अडकवलेली. शालेय क्रीडा संघटनेचा नियम असा की दोन इंच रुंदीपर्यंतची हेडबँड सोडून डोक्यावर काहीही नको, कारण टोपी पिनांसकट कोर्टवर पडली आणि कुणी तिच्यावरून घसरलं तर? मुलं कोर्टात गेली, खालच्या कोर्टात जिंकली, आणि १९८२ ला अपील कोर्टात न्यायाधीश रिचर्ड पॉझ्नर यांनी सगळं प्रकरणच वेगळ्या पद्धतीने बघितलं. त्यांचं म्हणणं साधारण असं की तुमचा धर्म सांगतो डोकं झाका, पिना लावा असं कुठे सांगतो? आणि संघटनेला हवंय काय, तर टोपी पडू नये एवढंच. मग भांडण धर्म विरुद्ध सुरक्षितता असं नाहीचे, भांडण पिनांचं आहे. मुलांनी घट्ट बसणारी पद्धत शोधून आणावी, आणि तशी पद्धत दिल्यावरही संघटना नाही म्हणाली तर मग बघू. निकाल तसा मुलांच्या बाजूने नव्हता, खालचा आदेश रद्दच झाला होता, पण एवढं सरळ डोकं मी कुठल्या क्रीडा संघटनेच्या मीटिंगमध्ये बघितलं नाही.

हिजाबचं पुढे तेच झालं. पिन नसलेला, गाठ नसलेला, ताणणाऱ्या कापडाचा एकसंध, डोक्यावरून टोपीसारखा ओढून घालायचा स्पोर्ट्स हिजाब बाजारात आला, नायकीने २०१७ मध्ये आणला तेव्हा गाजावाजा झाला, पण छोट्या कंपन्या त्याआधीपासून बनवत होत्या. असा हिजाब मागून कुणी ओढला तर ताणतो आणि निघून हातात येतो, गळा आवळत नाही. पटक्याचंपण तसंच, पातळ कापड, टोकं आत खोचलेली, घट्ट. खरं सांगू का, माझ्या इतक्या वर्षांत नीट बसवलेल्या आवरणाने इजा झालेली मी पाहिली नाही, पण लांब वेण्यांचे फटके, घड्याळाचे ओरखडे, कानातल्यांनी फाटलेल्या पाळ्या हे सगळं पाहिलंय. कानातलं घालून येणाऱ्या मुलींचे आईबाप तर टेपने झाकलंय ना म्हणून वाद घालतात. टेपपण चालत नाही, काढायचंच.

बास्केटबॉलला जरा उशीर झाला. २०१४ ला वुहानच्या आशिया कपमध्ये भारताच्या दोन शीख खेळाडूंना पगडी काढायला लावली, त्याच वर्षी इंचॉनच्या एशियाडमध्ये कतारच्या महिला टीमने हिजाब काढण्यापेक्षा मॅच सोडून दिली. मग फिबाने, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेने, नियम बदलला तो ऑक्टोबर २०१७ पासून लागू. काळं, पांढरं किंवा जर्सीच्या रंगाचं, टीमभर एकाच रंगाचं, चेहऱ्याचा कुठलाही भाग झाकायचा नाही, चेहऱ्याभोवती आणि मानेभोवती बंद-हुक नकोत. चेहरा झाकायचा नाही ही अट मला पटते, बास्केटबॉलमध्ये बाजूने येणारा माणूस दिसला नाही तर गुडघे जातात.

जिथे खेळच मानेशी आणि डोक्याशी असतो तिथे मामला अवघड होतो हे मान्य करायला हवं. ज्युदोत गळा आवळणे हा डावच आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सौदीची सोळा वर्षांची वोजदान शाहरकानी आली तेव्हा ज्युदो फेडरेशन आधी हिजाबला नाहीच म्हणालं, मग बोलणी झाली आणि ती डोक्याला चिकटून बसणारी, स्विमिंग कॅपसारखी टोपी घालून उतरली. ८२ सेकंदांत हरली, पण खेळली. बॉक्सिंगमध्ये २०१६ ला अमेरिकेत फ्लोरिडात सोळा वर्षांच्या एका मुलीला हिजाब आणि पूर्ण बाह्यांमुळे बाद केलं, म्हणे कपड्याखाली आधीची दुखापत दिसत नाही. ज्या मुलीला न लढता बेल्ट मिळाला तिने तो हिच्याशी वाटून घेतला. मोठ्यांना २०१९ पर्यंत लागलं, तेव्हा आंतरराष्ट्रीय संघटनेने परवानगी दिली. पोरींनी जागच्या जागी मिटवलं होतं.

आणि एक ठिकाण जिथे मी नाही म्हणतो. हेल्मेट. सायकलिंग, क्रिकेटचा लेदर बॉल, आइस हॉकी, जिथे हेल्मेट सक्तीचं आहे तिथे पगडी आहे म्हणून हेल्मेट नको हे मुलांच्या बाबतीत मी मान्य करत नाही, मोठ्या माणसाने स्वतःच्या डोक्याचं काय करायचं ते करावं. पण इथेपण पॉझ्नरवालाच प्रश्न विचारायचा, दोन्ही एकत्र बसवता येतं का? पगडीऐवजी पातळ पटका, जुडा डोक्याच्या मधोमध न ठेवता खाली मागे बांधायचा, वर हेल्मेट. कॅनडातल्या एका शीख आईने तर स्वतःच्या मुलांसाठी जुड्याला वर जागा असलेलं हेल्मेट डिझाइन करून ते टेस्ट करून घेतलं. पण सैल हेल्मेट घालून ॲडजस्ट होईल म्हणू नका, सैल हेल्मेट आपटल्यावर आधी सरकतं आणि मग काहीच कामाचं नाही.

आता सगळ्यांना एकच नियम या मुद्द्यावर. बरोबर आहे, एकच पाहिजे, फक्त एक नियम म्हणजे सगळ्यांची डोकी सारखी दिसणं नव्हे. पिन नको, टोक नको, गाठ नको, रंग हा, हा नियम सगळ्यांना लावा. मग त्यात हिजाबवाली आली, पटकेवाला आला, उपचारांमुळे केस गेलेली आणि टोपी घालायची असलेली मुलगी आली. फ्रान्समध्ये दुसरा रस्ता घेतलाय, तिथल्या फुटबॉल फेडरेशनने आपल्या मॅचेसमध्ये धार्मिक चिन्हांवर बंदी ठेवलीये आणि जून २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती उचलून धरली, मॅचेस सुरळीत व्हाव्यात, वादावादी होऊ नये या कारणाने. त्यांची धर्मनिरपेक्षतेची परंपरा वेगळी आहे, मला ती समजते, पण रेफ्री म्हणून हा युक्तिवाद पटत नाही. पोरीच्या कपड्यावरून दुसरं कुणी वादावादी करणार असेल तर कार्ड वादावादी करणाऱ्याला दाखवायचं असतं.

मग येतो तो प्रश्न जो पालक उघड विचारत नाहीत, पण मनात असतो, आणि तो फालतू प्रश्न नाहीये. घरच्यांनी जबरदस्तीने घालायला लावला असेल तर? असू शकतं. तेरा वर्षांच्या मुलीचं स्वतःचं किती आणि घरचं किती हे तिला तरी कुठे धड सांगता येतं. मी दोन बहिणी कोच केल्यात, एक घालायची, एक नाही, घरात कुणाला काही नव्हतं. आणि एक मुलगी अशीपण होती जी मैदानावर आल्यावर काढायची आणि जाताना परत घालायची, तिला मी कधीच काही विचारलं नाही, आणि टीमलापण सांगून ठेवलेलं की विचारायचं नाही. पण हिशोब साधा आहे. समजा तुम्ही बंदी घातली. जी मनाने घालते ती अपमान गिळून दुसरीकडे जाईल. आणि जिला खरंच जबरदस्तीने घालायला लावलंय तिचं काय होईल? तिचे घरचे हिजाब काढणार नाहीत, तिचा फुटबॉल काढतील. म्हणजे जिच्या काळजीने बंदी घातली तीच सगळ्यात आधी घरी बसणार.

उलट बाजूनेपण तेवढंच कडक राहायला हवं. कोचने काढ गं, इथे कोण बघतंय असं म्हणायचं नाही, तसंच तुमच्यातल्या बाकीच्या घालतात, तू का नाही, हेपण नाही. सक्ती दोन्हीकडून होते, इराणची क्लायंबर एल्नाझ रेकाबी २०२२ ला सोलमध्ये हिजाब न घालता चढली तर त्याची जगभर बातमी झाली, कारण तिच्या देशात न घालायची सोयच नव्हती.

शेवटी कामाचं. मुलांना त्रास नियमाने कमी होतो, नियम ऐनवेळी आठवण्याने जास्त होतो. २०१९ ला अमेरिकेत ओहायोमध्ये सोळा वर्षांची मुलगी हिजाब घालून पाच किलोमीटरची शालेय क्रॉस कंट्री रेस पळाली, छान टायमिंग आलं, आणि निकालाच्या यादीत तिचं नावच नाही, कारण आगाऊ परवानगीचं पत्र नव्हतं. वाईट म्हणजे तिच्या कोचला रेसच्या आधीच कळलं होतं, तिला सांगितलं नव्हतं. पुढे २०२२ मध्ये तिथे कायदाच केला की असं पत्र मागायचं नाही. पण तुमच्या स्पर्धेत काय मागतील सांगता येत नाही, तेव्हा मॅचच्या दिवशीवर सोडू नका. आयोजकांना आत्ताच लिहा, सोबत हिजाबचा फोटो द्या, समोरून, बाजूने आणि मागून, आणि होकार लेखी घ्या, फोनवरचा होकार मैदानावर कुणाला आठवत नाही. नियम चारची प्रिंट खिशात ठेवा. मॅचच्या अर्धा तास आधी रेफ्रीला भेटून दाखवा, मुलीला सोबत नेऊ नका, तिला वॉर्म-अप करू दे, गरज पडली तर नंतर बोलवा. चेकिंगला डोक्याला हात लावायचा असेल तर आधी विचारायचं, आणि पुरुष रेफ्री असेल तर तिला स्वतःलाच हात फिरवून दाखवायला सांगायचं, पिन असेल तर लगेच कळते. ऊन असेल तर पाण्याचा ब्रेक तिच्यासाठी वेगळा नको, सगळ्यांसाठीच वाढवा. आणि मॅचमध्ये हिजाब निघालाच तर टीममेट्सनी भोवती उभं राहायचं, तिने बाजूला जाऊन घालून यायचं, वीस सेकंदांचं काम आहे, हे प्रॅक्टिसलाच करून बघा म्हणजे त्या दिवशी कुणी गोंधळणार नाही.

तक्रार करणाऱ्या पालकांशी वाद घालू नका, तो हिजाब त्यांच्या हातात द्या आणि ओढून बघा म्हणा. आणि किटबॅगमध्ये एक स्पेअर ठेवा, काळाच, कारण पहिल्या मॅचला कुणी ना कुणी काहीतरी घरी विसरून येतंच, माझ्या टीमला एकदा बॉलच आणला नव्हता.